अज्ञान (18 वर्षांखालच्या) मुलाची जमीन, मुलाचा ताबा आणि विधी सेवेचा मोफत वकील: घ्यावा का?

सातबाऱ्यावर मुलाच्या नावाला ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून आईचं नाव लागलं की आंब्याची बाग विकायला आपण मोकळे, असा समज कोकणात घरोघरी आहे. ती नोंद महसुलापुरती. 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे मुलाच्या नावची जमीन विकायला, गहाण टाकायला किंवा 5 वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला आईवडिलांनाही कोर्टाची आगाऊ परवानगी लागते. ती न घेता केलेलं खरेदीखत मूल रद्द करून मागू शकतं. मुस्लिम कुटुंबात तर वडिलांमागे आई मिळकतीची पालक आपोआप होतच नाही. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली तिला कोर्टाकडून नेमणूक घ्यावी लागते.

अशा कामाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, वकील जरूर घ्यावा. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अटच नाही. वकील, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, नकला, सगळं मोफत. कार्यालयं रत्नागिरीला आणि ओरोसला (सिंधुदुर्ग) जिल्हा न्यायालयात. तालुका विधी सेवा समितीकडेही अर्ज चालतो. फोन 15100.

उणीव आहे ती पाठपुराव्यात. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या (यादीतल्या) वकिलाकडे स्वतःची कामंही असतात, तेव्हा पुढची तारीख आपणच विचारत राहावं. वकील लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून बदलून मागता येतो. लोक उगाच संकोच करतात.

खरा खोळंबा मात्र कागदांत होतो. पालक नेमण्याच्या अर्जात मुलाची जन्मतारीख, राहण्याचं ठिकाण, मिळकतीचं वर्णन आणि जवळच्या नातेवाइकांचे पत्ते लागतात. होणाऱ्या पालकाचं संमतिपत्र जोडायचं, त्यावर किमान 2 साक्षीदारांच्या सह्या हव्यात. हे नेमकं राहून जातं. काका-आत्या मुंबईला, आणि अर्जात पत्ता गावच्या बंद घराचा. नोटीस परत येते, तारीख पुढे जाते. आजचा खोलीचा पत्ता पिनकोडसकट द्या. मूल डोंबिवलीत आणि जमीन राजापुरात असेल, तर मिळकतीपुरता अर्ज दोन्हीकडच्या जिल्हा न्यायालयात चालतो. मुलाच्या ताब्याचा अर्ज मात्र मूल राहतं तिथेच.

ताब्याच्या भांडणात आधी प्राधिकरणाची मध्यस्थी मागा. हिंदू कायद्यात 5 वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं, पण शेवटी कोर्ट मुलाचं हित बघतं. आजीआजोबांच्या भेटीचे वार आणि मे महिन्याची सुट्टी तडजोडीत लिहूनच घ्या.

मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेली व्यक्ती 18 वर्षांची झाली की रस्ता वेगळा. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. त्याला वकील लागत नाही. नेमणुकीनंतर 6 महिन्यांत मिळकतीची यादी समितीला द्यायची आणि पुढे दरवर्षी हिशेब.