काळी लोटस, सोनेरी रेघा आणि आठ महिने

मार्चमध्ये सामान घेतलं, नोव्हेंबरमध्ये गाडी काचेच्या पेटीत गेली. मधल्या काळात वीतभर लांबीच्या एका प्लास्टिकच्या गाडीला मी तीनदा काळा रंग चढवला आणि दोनदा उतरवला. सामान आल्या आल्या लिहायला बसलो असतो तर एअरब्रशचे, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाएवढ्या अवजाराचे, गोडवे गाऊन मोकळा झालो असतो. थांबलो ते बरं झालं, कारण आज त्याच एअरब्रशबद्दल माझं मत पार बदललंय.

गाडी म्हणजे तामिया या जपानी मॉडेल कंपनीचं १/२० मापाचं लोटस ७९ चं किट, १९७८ च्या हंगामातल्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीचं. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याची ही तीच गाडी, जिच्या दोन्ही बाजूंच्या पॉडच्या पोटाला उलट्या पंखाचा आकार होता आणि कडेला वरखाली सरकणारे स्कर्ट, म्हणजे पट्ट्या, होत्या. त्यामुळे वळणावर ती रस्त्याला चिकटून राहायची. बेल्जियममध्ये झोल्डरला पहिल्यांदा उतरली आणि मारियो आंद्रेत्तीने ती पहिलीच शर्यत जिंकली, पुढे त्या वर्षीचं विश्वविजेतेपदही. मी मात्र ६ नंबर लावला, त्याच संघातल्या रॉनी पीटरसनचा. त्याने याच गाडीवर ऑस्ट्रियाची शर्यत जिंकली होती. इटलीत मोंझाला, जिथल्या अपघाताने तो गेला, तिथे शर्यतीत तो ७९ मध्ये नव्हताच. सकाळच्या सरावात त्याची ७९ मोडली म्हणून जुनी लोटस ७८ घेऊन त्याला उतरावं लागलं. किट जोडताना हे सारखं डोक्यात येतं.

रंगवणाऱ्याच्या दृष्टीने ही गाडी सोपी वाटते आणि तिथेच फसवते. एकच रंग, काळा. पण त्यावर लांबच लांब सोनेरी रेघा, सगळ्या डिकलच्या, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील पट्ट्यांच्या. पांढऱ्या किंवा पिवळ्या गाडीवर खपून जाणारी धूळ, ओरखडा, बोटाचा ठसा, सगळं काळ्यावर दिवा लावल्यासारखं दिसतं.

आधी सगळ्यात महागड्या वस्तूबद्दल. तीन लिटरच्या टाकीचा छोटा कॉम्प्रेसर आणि ०.३ मिमी नोझलचा डबल अॅक्शन (हवा आणि रंग एकाच बटणाने वेगवेगळे सोडणारा) एअरब्रश, असा सेट ऑनलाइन घेतला. कंपनीचं नाव घेत नाही, या भावात मिळणारे बहुतेक सेट मला एकाच घाण्यातले वाटतात. आवाज मध्यरात्री चालवता येईल इतपत कमी, टाकी भरली की आपोआप बंद, हे चांगलं. पण वीस-पंचवीस मिनिटांत हात लावू नये इतका तापतो. दुसऱ्याच महिन्यात नोझल चिरलं. माझीच चूक, साफ करून लावताना जरा जास्त पिळलं. ते नोझल मुगाच्या दाण्याएवढं असतं. ते बोटाने हलकेच बसवायचं, पाना लावायचाच नाही. सुटं नोझल मिळायला तीन आठवडे गेले.

त्याहून मोठी अडचण पाण्याची झाली. आम्ही पनवेलला राहतो, इथली हवा एप्रिलपासूनच ओली. पहिल्यांदा बॉडीवर काळा मारला तेव्हा मधूनच फुसफुस होऊन रंगात थेंब उडाले. मी थिनर वाढवून बघितला, प्रेशर २० वरून १५ पीएसआयवर आणलं, काही उपयोग नाही. शेजारचे काका पेणला गणपतीच्या कारखान्यात पंचवीस-तीस वर्षं रंगकाम करतात. ते सहज डोकावले, आवाज ऐकला आणि म्हणाले, "अरे, टाकीतलं पाणी कधी काढलंस?" टाकीखाली एक स्क्रू असतो हेच मला माहीत नव्हतं. सैल केला तर अर्धी वाटी गढूळ पाणी निघालं. कारखान्यात रोज संध्याकाळी काढतात म्हणे. माहितीपत्रकात याबद्दल एक ओळ होती, चिनीमध्ये. आता पाणी रोज काढतो आणि नळीत मध्ये पाणी अडवणारा आणखी एक वॉटर ट्रॅप लावलाय. तेव्हापासून तक्रार नाही.

तरीही बॉडीच्या रंगासाठी एअरब्रश लागतच नाही, असं मी आता छातीठोकपणे सांगतो. एकरंगी गाडीला तामियाचा टीएस-१४ काळा स्प्रे पुरतो. १०० मिलीच्या एका डब्यात ही बॉडी दोनदा होते. डबा आधी कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवायचा, अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट, उकळतं चुकूनही नाही. आतला दाब वाढतो, फवारा बारीक पडतो आणि रंग आपोआप सपाट बसतो. अडचण डबा मिळण्याची. स्प्रेचे डबे विमानाने येत नाहीत, त्यामुळे दुकानदाराकडे माल आला की दोन घेऊन ठेवायचे. एअरब्रश माझ्याकडे राहील, पण चाकं, इंजिन, एक्झॉस्ट अशा बारीक कामासाठी. पहिलीच गाडी करणाऱ्याने कॉम्प्रेसरचे पैसे वाचवावेत आणि थोडे बाटल्यांवर घालावेत. त्या बाटल्यांकडे येतोच.

पहिला रंग काढला तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉडी रात्रभर बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून. प्लास्टिकला काही झालं नाही. दुसरा रंग जूनच्या शेवटी मारला, स्प्रेनेच. पाऊस थांबलेला पाहून गॅलरीत गेलो. पाच मिनिटांत काळ्यावर पांढुरकी साय आली. लॅकर रंगातला थिनर भराभर उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. बर्फाच्या ग्लासाला बाहेरून घाम येतो, तसंच. यावर खरा उपाय म्हणजे रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्राव) असलेल्या लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा. मग साय बऱ्याचदा विरघळून जाते. मी घाबरून वरून जाड हात दिला आणि मागच्या पंखाच्या काठावर दोन ओघळ आले. पुन्हा अल्कोहोल, पुन्हा टूथब्रश. तेव्हाच ठरवलं, की घटस्थापना होईपर्यंत बॉडीला रंगाचा हात लावायचा नाही.

हे तीन महिने मात्र फुकट गेले नाहीत. प्लास्टिकचे चमचे काळे रंगवले, जुन्या किटची उरलेली डिकल काढली आणि त्यांवर द्राव तपासले. या लेखात कामाचं काही असेल तर ते इथेच आहे.

डिकलला दोन प्रकारचे द्राव लागतात. सेटर खाली लावायचा, त्याने डिकल नीट चिकटतं. सॉफ्टर वरून लावायचा, तो डिकलची फिल्म मऊ करून खाचेत, उंचवट्यावर बसवतो. मी जीएसआय क्रिओसचे मिस्टर मार्क सेटर आणि मिस्टर मार्क सॉफ्टर घेतले, मायक्रोस्केलचे मायक्रो सेट आणि मायक्रो सोलही घेतले. चमच्यांवरचा निकाल असा, की मायक्रो सोल सौम्य आहे, नवख्या हातासाठी चांगला, पण तामियाच्या जाडसर डिकलला दोन-तीनदा लावावा लागतो. मिस्टर मार्क सॉफ्टर एकदाच लावला तरी बहुतेक वेळा काम होतं. तामियाच्या मार्क फिटचे साधा, स्ट्राँग आणि सुपर स्ट्राँग असे प्रकार येतात. सुपर स्ट्राँगने माझं एक पातळ डिकल पार विरघळलं, चमच्यावर होतं म्हणून वाचलो. सगळ्यात उग्र बाटली आधी घेऊ नका.

आता एका रेघेची गोष्ट, कारण या गाडीवर खरी परीक्षा तिचीच. नाकाच्या टोकापासून निघून कॉकपिटच्या बाजूने मागे जाणारी रेघ. बॉडी वेगवेगळ्या तुकड्यांत, त्यामुळे एका तुकड्यावरची रेघ पुढच्या तुकड्यावरच्या रेघेला केसाएवढाही फरक न पडता मिळायला हवी. मी आधी तुकडे टेपने जोडून ठेवले आणि रेघेच्या खालच्या काठाला समांतर पातळ मास्किंग टेप लावला, म्हणजे नजरेला कड मिळाली. डिकल पंधरा-वीस सेकंद कोमट पाण्यात ठेवलं, मग काढून कागदावर मिनिटभर राहू दिलं. पाण्यातच सुटू दिलं तर गोंद धुऊन जातो. बॉडीवर सेटरचा ओला हात, त्यावर कागदासकट डिकल आणि मऊ ब्रशने सरकवणं. लांब रेघ सापासारखी वळते. ओढली की ताणते, आणि ताणलेली रेघ सुकली की परत आखडते. म्हणून ओढायची नाही, पाण्याच्या थेंबावर तरंगू द्यायची आणि ब्रशने ढकलायची. जागेवर आली की ओल्या इअरबडने मधून बाहेरच्या दिशेने पाणी दाबून काढायचं.

मग सॉफ्टर. तो लावला की दोन मिनिटांत डिकल सुरकुततं, म्हाताऱ्याच्या हातावरच्या कातडीसारखं. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा जीव जातो. त्या क्षणी हात मागे घ्यायचा आणि उठून चहा करायचा. सुकताना सुरकुत्या आपोआप ओढल्या जातात. मी मात्र उजव्या बाजूच्या रेघेला बोट लावलंच. अर्धा सेंटिमीटर तुकडा बोटाला चिकटून आला. शिल्लक रेघ शीटवर नव्हती. काकांनी ते पाहिलं. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा हात तो. म्हणाले, रंग जरा पातळ कर, ब्रश जवळजवळ कोरडा ठेव आणि हनुवटी टेबलावर टेकवून एकाच श्वासात ओढ. सोनेरी एनॅमल आणि ०००चा ब्रश घेऊन मी सात वेळा ओढली, सहा वेळा पुसली. खाली लॅकर पूर्ण वाळलेला असल्यामुळे एनॅमलच्या थिनरने काळ्याला काही झालं नाही. सोनेरी रंग जरा पिवळट आला. शोधणाऱ्याला सापडतो.

डिकलला खाली चकचकीत पृष्ठभागच लागतो. मॅटवर लावलं की खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. ते नंतर टाचणीने टोचून, सॉफ्टर सोडून थोडे कमी होतात, पूर्ण जात नाहीत. म्हणून ऑक्टोबरमधल्या तिसऱ्या रंगानंतर बॉडी दहा दिवस तशीच ठेवली. वाळलंय की नाही हे मी नाकाने ठरवतो. जवळ नेली आणि थिनरचा वास आला, तर आत अजून ओलं आहे. आणखी एक, किनारपट्टीच्या हवेत डिकलची शीट पिवळी पडते, क्वचित बुरशीही धरते. मी शीट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो. पिवळी पडलीच, तर पारदर्शक पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आठवडाभर चिकटवावी, बराच पिवळेपणा जातो.

या किटच्या शीटवर तंबाखू कंपनीचं नाव नाही, त्यामुळे खरी गाडी डोळ्यांसमोर असलेल्याला बाजू ओकीबोकी वाटेल. ती अक्षरं वेगळी विकत मिळतात. मी घेतली नाहीत. नुसत्या सोनेरी रेघांनीही गाडी पुरेशी शोभते, असं माझं मत आहे, आणि बजेटचंही.

क्लिअरसाठी, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थरासाठी, तामियाचा टीएस-१३ स्प्रे. चमक अप्रतिम, पण डिकलच्या बाबतीत हा जहाल आहे. पहिलाच हात ओला दिलात तर रेघा सुरकुततील आणि त्या वेळी सॉफ्टरसारख्या परत सरळ होणार नाहीत. पहिले तीन हात दुरून, नुसती धूळ बसल्यासारखे, प्रत्येकामध्ये अर्धा-पाऊण तास. चौथा आणि पाचवा जरा ओला. दोन आठवड्यांनी २०००चा वॉटर पेपर, मग ३०००चा, मग तामियाची कंपाउंड, म्हणजे चकाकी आणायची पेस्ट, आधी फाइन, शेवटी फिनिश. कडांवर पेपर फिरवायचा नाही, तिथे क्लिअर पातळ असतो. मी एका कडेला काळ्यापर्यंत पोचलो. मार्करने झाकलंय, आतापर्यंत कुणी बोललं नाही.

टूके क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा तो, याहून चकचकीत होतो असं सगळे सांगतात. खरं असेल. पण त्याच्या हार्डनरमध्ये श्वासाला घातक असे आयसोसायनेट असतात आणि माझी स्प्रेची जागा म्हणजे फ्लॅटची गॅलरी, आत आई आणि दोन वर्षांची मुलगी. मी त्याच्या वाटेला गेलो नाही. साध्या लॅकरलाही कापडी किंवा एन-९५ मास्क पुरत नाही. तो कण अडवतो, वाफ नाही. कोळशाचं कार्ट्रिज असलेला हाफ मास्क पहिल्या दिवसापासून हवा. मला तो महिनाभराने सुचला, रोज संध्याकाळी डोकं धरायला लागल्यावर.

आठ महिन्यांनी शेल्फवर बघितलं तर सॉफ्टरची बाटली जेमतेम पाव संपलीय, सेटर अर्धा, स्प्रेचे दोन डबे रिकामे. कॉम्प्रेसर बहुतेक वेळ पलंगाखाली असतो. पुढची गाडी ठरलीय, हीच लोटस, १९७९ च्या प्रायोजक मार्टिनीच्या हिरव्या रंगातली. बॉडीला प्रायमर मारून झालाय. थंडी आहे तोवर हिरवा चढवायचाय, नाहीतर पुन्हा नवरात्र.