कोकणात दोन सिम वर्षभर वापरल्यावर: रेंज कोणाची, कुठे आणि का जाते

"गावात कुठलं कार्ड चालतं?" या प्रश्नाला कोकणात तालुक्याचं एक उत्तर नाही. उत्तर वाडीगणिक बदलतं, कधी तर ओटीवर एक आणि परसात दुसरं. गुहागर-रत्नागिरी पट्ट्यात एकाच फोनमध्ये दोन कंपन्यांची सिम ठेवून पावसाळा, गणपती, शिमगा असा सगळा फेरा पार पडला. त्यावरून ठाम मत असं की कार्ड कंपनीचं नाव बघून घेऊ नये. जवळच्या टॉवरवर कुठला बँड (रेडिओ लहरींचा पट्टा) लागलाय आणि लाईट गेल्यावर तो टॉवर किती तास तग धरतो, हे बघून घ्यावं.

आधी बँड. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ हे खालचे. १८००, २१००, २३००, २५०० आणि फाइव्ह-जीचा ३३०० हे वरचे. खालचा बँड लांब पोचतो, डोंगराच्या कडेवरून थोडा वळतो आणि चिऱ्याच्या भिंतीतून आत शिरतो. वरच्याला वेग भरपूर, पण भिंत आणि झाडी लागली की दम संपतो. २०२२ च्या लिलावात ७०० चा बँड खासगी कंपन्यांत एकट्या जिओने घेतला. ८५० सुद्धा त्यांच्याकडे आहे. एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन-आयडिया) यांची खालच्या पट्ट्यातली भिस्त मुख्यतः ९०० वर. बीएसएनएलची फोर-जी ७०० आणि २१०० वर आहे. साधा बटणांचा टू-जी फोन असलेल्या आजी-आजोबांना जिओचं कार्ड देऊन उपयोग नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच.

चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो. वर माड-पोफळीचं आगर ओलंचिंब. मे महिन्यात माजघरात बऱ्यापैकी चालणारं २३०० वरचं नेट जुलैत पडवीत येऊन बसतं, ते यामुळे. कौलाखाली त्रास कमी. पत्रा टाकलेल्या घरात वरून येणारी रेंज जवळजवळ बंदच.

दुसरी गोम जमिनीची. टॉवर सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, वाडी खाली समुद्राला लागून. कड्याच्या अगदी पायथ्याशी सावली पडते आणि डोक्यावरच्या टॉवरची रेंज मिळत नाही. मग फोन खाडीपलीकडचा टॉवर पकडतो. धोपाव्याला दाभोळचा, तवसाळला जयगडच्या बाजूचा असं होऊ शकतं, कारण पाण्यावर मध्ये आडवं काहीच नाही. फोनवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात, पण फोन लागत नाही किंवा आपला आवाज पलीकडे पोचत नाही. फोनची ताकद जेमतेम २०० मिलिवॅट. टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, आपलं त्याला जात नाही.

त्यामुळे काड्यांवर विश्वास ठेवू नका, आकडा बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद डीबीएममध्ये, दिसतो. उणे ८५ च्या आसपास उत्तम, उणे १०५ ला कामचलाऊ, उणे ११५ च्या खाली गेला की कॉल तुटणारच. सोबत एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, तेही बघा. आरएसआरपी चांगला आणि एसआयएनआर शून्याच्या खाली, तर सिग्नल आहे पण गोंगाट जास्त. दोन्ही चांगले असून नेट रांगतंय, तर टॉवरवर गर्दी. गणपतीत चाकरमानी आले की संध्याकाळी आरतीनंतर हेच होतं. फोन बंद-चालू करून काही होत नाही, पहाटे डाउनलोड करा. कडेच्या गावात फाइव्ह-जी बंद ठेवा. फोन त्या पुसट सिग्नलमागे धावत बॅटरी खातो.

आता पावसाळ्याची खरी परीक्षा. महावितरणची लाईट गेली की टॉवर बॅटरीवर येतो. ती जुनी असेल आणि जनरेटरला डिझेल नसेल, तर काही तासांत खेळ खलास. टॉवर चालू, काड्या पूर्ण, पण नेट शून्य असेल तर बहुधा महामार्गाच्या खोदाईत टॉवरला जोडणारी फायबर केबल तुटलेली असते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा त्या बाजूच्या गावांना कित्येक दिवस फोन नव्हता.

इथेच दोन सिम घेणारे फसतात. एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात, लाईट एक, बॅटरीही अनेकदा सामायिक. दोन्ही कार्डं एकदमच मरतात. दुसरं सिम वेगळ्या मनोऱ्यावरचं हवं. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या जागेजवळचे टॉवर दिसतात. कंपन्यांनाही आता ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमानुसार आपापल्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो. नकाशात रंग भरलेला म्हणजे माजघरात रेंज आहे असं मात्र नाही. (कोकण रेल्वेच्या करबुडे इथल्या साडेसहा किलोमीटर बोगद्यात रेंज शोधणाऱ्यांनी खिडकीबाहेरचा अंधार बघावा.)

घरात रेंज नसेल तर बाजारातला बूस्टर घेऊ नका. विनापरवाना तो बेकायदेशीर आहे, वर शेजाऱ्यांचं नेटवर्क बिघडवतो. बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला फोर-जी राउटर आणि छपरावर दिशा धरून लावलेला अँटेना हा सरळ मार्ग. केबल मात्र आखूड ठेवा. स्वस्त आरजी-५८ केबल २३०० वर मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. दहा मीटर ओढली की अँटेनाची सगळी कमाई तिथेच संपली. खाऱ्या हवेत जोड हिरवे पडतात, म्हणून त्यावर आपोआप चिकटणारी रबर टेप गुंडाळा आणि वळवाच्या विजा सुरू झाल्या की केबल काढून ठेवा. मग राउटरवरून वायफाय कॉलिंग लावलं की माजघरातून फोन लागतो.

आता निष्ठेचं. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा पुष्कळ लोक बीएसएनएलकडे गेले. जुन्या ग्राहकाला एरवी कोणी विचारत नाही. पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा, मेसेज गेला की मात्र खास ऑफर घेऊन फोन येतो. ती ऑफर घ्यायची की नाही, ते उणे ११५ च्या आकड्यावर ठरवा. निष्ठा ठेवायचीच तर नंबरशी ठेवा, बँक आणि आधार त्याला जोडलेले असतात.

पोर्ट करताना PORT, जागा सोडून नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवा. आलेला आठ अक्षरांचा कोड ४ दिवस चालतो. त्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नको, आणि सिम नुकतंच बदललं असेल तर ७ दिवस कोड मिळत नाही. एकाच सर्कलमध्ये (दूरसंचार विभागात) बदल ३ कामाच्या दिवसांत होतो. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स आणि वैधता बुडते, म्हणून पॅक संपत आला की जा. दुसरं सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. बॅलन्समध्ये २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवस वाढतात, तेव्हा तेवढे तरी ठेवाच.