मागच्या दाराचा खटका: मानसिक संकटातील रुग्णासाठीच्या वाहनसेवेचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या मंगळवारी सिग्नलला गाडी थांबली असताना माझ्या धाकट्या भावाने मागच्या दाराची कडी ओढून पाहिली आणि दार उघडले नाही. त्याला उतरायचे नव्हते, त्याने नुसतेच पाहिले होते, असे त्याने मला नंतर सांगितले. पण हे दार आतून उघडत नाही, याची त्याला कोणी कल्पना दिलेली नव्हती. त्या क्षणापासून रुग्णालयाच्या दारापर्यंतची चाळीस मिनिटे त्याने आपल्याला फसवून कोंडून नेले जात आहे अशा खात्रीने काढली. पुढच्या आसनावर बसलेल्या माझ्याकडे पाहून तो एवढेच म्हणाला, "ताई, तुलाही माहीत होतं?" मला माहीत नव्हते, पण त्या वेळी ते त्याला पटण्यासारखे नव्हते.

या सेवेबद्दल लिहायचे मी सहा महिने लांबवले होते, कारण माझे मत दर फेरीला बदलत होते. नऊ महिन्यांत अकरा फेऱ्या झाल्या आहेत. भावाला बायपोलर आजार आहे, म्हणजे त्याची मनःस्थिती कधी उन्मादाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला जाते. उन्मादाचा काळ वाढू लागला की त्याला भरती करावे लागते, किंवा डॉक्टरांकडे लवकरच्या वेळा घ्याव्या लागतात, आणि अशा दिवसांत आमच्या गाडीतून त्याला एकट्याने नेणे माझ्या आवाक्यात राहत नाही. आधी ठरवून येणारी, सायरन न वाजवणारी, चालक आणि प्रशिक्षित मदतनीस सोबत असलेली गाडी कशासाठी असते, हे ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांना सांगायला नको. जे तरीही विसरले जाते ते मात्र सांगते: जास्त गोळ्या घेतल्याची शंका असेल, इजा झाली असेल, फिट आली असेल, शुद्ध हरपत असेल किंवा तापासोबत अचानक भ्रम सुरू झाला असेल, तर ही गाडी बोलावू नये. तेथे तातडीची रुग्णवाहिकाच हवी.

सेवा निवडताना मी फोनवर एकच प्रश्न विचारत असे: "धरून ठेवायची वेळ आलीच, तर तुम्ही कसे धरता?" एकाने सहजपणे सांगितले की, पालथे झोपवून हात बांधतो. मी तिथेच फोन ठेवला. पालथ्या माणसाच्या पाठीवर भार पडला की छाती फुलायला जागा राहत नाही, आणि अशा स्थितीत माणसे गुदमरून मेलेली आहेत. धडपडणारा रुग्ण श्वासासाठी धडपडतो आहे हे धरणाऱ्याला कळत नाही, तो अधिक जोराने दाबतो. दुसऱ्या एका ठिकाणी सल्ला मिळाला की, निघण्यापूर्वी घरीच झोपेची गोळी द्या म्हणजे त्रास होणार नाही. गुंगीत असलेल्या माणसाचा श्वास आणि रक्तातील ऑक्सिजन कोणी पाहत नसेल, तर शांत झोपलेला रुग्ण हाच सर्वांत धोक्याचा रुग्ण असतो, आणि डॉक्टरांनी न सांगितलेली गोळी देण्याचा सल्ला बुकिंग घेणाऱ्याने देऊच नये. सध्याच्या सेवेतील समन्वयक बाईंनी मात्र उलट मलाच विचारले की, तो कशाने घाबरतो, कशाने शांत होतो, शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि पोहोचण्याच्या ठिकाणी खाट राखून ठेवल्याचे कोणी सांगितले. त्या चार प्रश्नांमुळे मी ही सेवा घेतली.

आता दाराविषयी. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असतो, आणि तो सेंट्रल लॉकपेक्षा वेगळा असतो, हे मला या नऊ महिन्यांपूर्वी नीट माहीत नव्हते. दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल असा, एक लहान खटका असतो. तो फिरवला की आतली कडी निरुपयोगी होते, बाहेरची मात्र चालू राहते. पहिल्या फेरीत तो लावलेला पाहून मी जागच्या जागी वाद घातला. माझा भाऊ स्वतःच्या पायांनी गाडीत बसतो आहे, त्याने भरतीला संमती दिली आहे, मग त्याला कैद्यासारखे का न्यायचे, असे मी विचारले. मदतनिसाने निमूटपणे खटका सोडला. मी घरी येऊन तक्रारीचे लांबलचक पत्रही लिहिले आणि पुढच्या तीन फेऱ्या खटका सोडलेला आहे ना, हे पाहूनच निघाले. त्या पत्रातील निम्मा मजकूर आज मी मागे घेते.

कारण पाचव्या फेरीत तो उन्मादाच्या टोकावर होता. चार रात्री झोप नव्हती, बोलणे थांबत नव्हते आणि आपल्याला काहीही होऊ शकत नाही ही त्याची खात्री होती. गर्दीत गाडी हळू झाली, तेव्हा त्याने बोलता बोलता दार उघडले आणि एक पाय बाहेर टाकला. सीटबेल्ट लावलेला होता आणि मदतनीस शेजारी बसलेला होता, म्हणून तो वाचला. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराने ब्रेक कसा मारला, ते मला आजही आठवते. त्या फेरीनंतर मी स्वतः समन्वयक बाईंना फोन करून सांगितले की, अशा अवस्थेत खटका लावा.

पण माझे मत तिथेही थांबले नाही, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. सहाव्या फेरीला एक अनुभवी परिचारिका आल्या. त्यांनी गाडीत बसण्यापूर्वी दार उघडून भावाला खटका दाखवला आणि म्हणाल्या, "हे दार आतून उघडणार नाही. तुम्हाला थांबायचं असेल तर मला सांगा, गाडी बाजूला घेऊ आणि दार मी उघडेन." त्याने अर्थातच परीक्षा घेतली. दहा मिनिटांत तो म्हणाला, "थांबा." त्यांनी खरोखरच गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यायला लावली, उतरून बाहेरून दार उघडले आणि त्याच्यासोबत रस्त्याच्या कडेला दोन मिनिटे उभ्या राहिल्या. त्यानंतर तासाभराच्या प्रवासात त्याने एकदाही कडीला हात लावला नाही. खटका पाचव्या फेरीनंतर हवा होता तसाच लावलेला होता, फक्त तो कोणापासून लपवलेला नव्हता. आणि नुसत्या खटक्याच्या भरवशावर राहणेही चूकच आहे, कारण काच पूर्ण खाली केली तर हात बाहेर काढून बाहेरच्या कडीने दार उघडता येते. अपघात झाला तर तोच खटका आतल्या माणसाला अडकवून ठेवू शकतो. म्हणून शेजारी बसलेला माणूस हीच खरी सुरक्षा आहे, आणि तो रुग्णाशी खरे बोलतो की नाही यावर बाकी सारे ठरते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. भाऊ लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेतो. शरीरातील पाणी कमी झाले की लिथियमचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते, त्यामुळे लांबच्या फेरीत पाण्याची बाटली त्याच्या हातात असावी असे मी फॉर्मवर लिहून दिले, आणि ते प्रत्येक फेरीत पाळले गेले. मधल्या काळात बदललेल्या एका औषधामुळे त्याला एका जागी बसवेनासे झाले होते, पाय सतत हलत होते. नव्या मदतनिसाला तो आक्रमक होतो आहे असे वाटले. हा औषधाचा परिणाम असू शकतो हे मी सांगितल्यावर त्याने डॉक्टरांना द्यायच्या चिठ्ठीत त्याची नोंद केली, आणि औषध बदलले गेले. साधे कपडे घातलेले कर्मचारी येतात, शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडत नाहीत, हे आमच्या घरासाठी फार मोठे आहे. वेटिंगच्या शुल्काबाबत मात्र माझी तीव्र तक्रार आहे. रुग्णालयाने भरतीची प्रक्रिया रखडवली, तरी त्याचे पैसे कुटुंबाने का मोजावेत? दोनदा मी ते शुल्क भरले, कारण गाडी सोडून दिली असती तर भरती नाकारली गेल्यावर आम्ही रस्त्यावर उभे राहिलो असतो. पैशाला पैसा जोडून चालणाऱ्या घराला अशा वेळी निवड उरत नाही.

स्टॉकहोममध्ये २०१५ साली मानसिक संकटासाठी वेगळी रुग्णवाहिका सुरू झाली. तिच्यात मानसोपचाराचा अनुभव असलेल्या दोन परिचारिका असतात आणि स्ट्रेचरऐवजी बसून बोलता येईल अशी आसने असतात. ती तातडीची सेवा आहे, आमच्यासारखी ठरवून येणारी नाही. तरीही त्या मांडणीमागचा विचार मला आमच्या गाडीत हवा आहे: रुग्ण हा बसलेला, ऐकणारा, उत्तर देणारा माणूस आहे असे धरून केलेली रचना.

मंगळवारच्या प्रसंगानंतर मी पुन्हा तक्रार केली. उत्तर आले की, खटका सुरक्षेसाठी लावला होता. मी सुरक्षेविरुद्ध तक्रार केलेलीच नव्हती. दुसऱ्या फोनवर त्यांनी त्या दिवशीचे वेटिंगचे शुल्क परत करायची तयारी दाखवली. एरवी मी ते लगेच घेतले असते, पण या वेळी मी सांगितले की, पैसे ठेवा, त्याऐवजी बुकिंगच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा: खटका लावला आहे का, आणि तो लावल्याचे रुग्णाला निघण्यापूर्वी कोणी सांगितले. त्या परिचारिकांनी जे केले ते त्यांच्या स्वभावामुळे घडले, सेवेच्या नियमामुळे नाही, हीच या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे. जे एका कर्मचाऱ्याला सुचते ते दुसऱ्याला शिकवता येते, पण त्यासाठी ते आधी कागदावर यावे लागते. समन्वयक बाईंनी वरिष्ठांशी बोलते असे सांगितले आहे. ओळ अजून आलेली नाही.

मी सेवा सोडलेली नाही, आणि ज्यांना गरज आहे त्यांनी ती घ्यावी असेच सांगेन. पाच वर्षांपूर्वी त्याला पोलिसांच्या गाडीतून नेले होते, त्या रात्रीशी या अकरा फेऱ्यांची तुलनाच होऊ शकत नाही. फक्त निघण्यापूर्वी खटक्याबद्दल स्वतः विचारा, आणि उत्तर रुग्णाच्या समोर द्यायला लावा.

भाऊ शनिवारी घरी आला. परतीच्या गाडीचे दार मी उघडले तेव्हा तो लगेच आत बसला नाही. त्याने वाकून दाराची कड पाहिली, बोटाने खटका चाचपला आणि मदतनिसाला विचारले, "आज हा सोडलाय ना?" मदतनीस म्हणाला, "हो, सोडलाय. तुम्हीच पाहा." त्याने आतली कडी एकदा ओढून पाहिली, खात्री करून घेतली आणि मग बसून सीटबेल्ट लावला.