सांगलीतून घेतलेला स्प्रे पाईप, आणि पीव्हीसी मऊ करणारा सेमन

सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका दुकानातनं एचटीपी पंपासाठी (जास्त दाबानं औषध फवारायचा पंप) साडेआठ एमएमचा पाच लेयरवाला पीव्हीसी स्प्रे पाईप घेतलाय, १०० मीटरचं बंडल. ऑक्टोबर छाटणीपासनं सगळा सीझन वापरला, डावणी-भुरी या द्राक्षावरच्या रोगांच्या फवारण्या द्राक्षवाल्यांना सांगायला नकोत, आणि पाईप अजून मऊच आहे म्हणून लिहितोय. आधीचा स्वस्तातला, दुसरीकडनं आणलेला, एका थंडीतच ताठ झाला, पीळ बसून पाणी अडायचं आणि मागं पाईप ओढणाऱ्या गड्याचे हाल व्हायचे.

दुकानदार काकांनी पाईप घडी घालून दाखवला, सोडला की सरळ, घडीवर पांढरी रेघ नाही. पीव्हीसीच्या मालात भर म्हणून खडूची पूड जास्त मारली की तिथं पांढरं पडतं, हे बघूनच घेत जावा म्हणाले. बरोबर आहे त्यांचं.

मी केमिस्ट्रीवाला, त्यामुळं मऊ पाईप हातात आला की मला वाल्डो सेमन हा अमेरिकन केमिस्ट आठवतोच. पीव्हीसी मुळात कडक आणि ठिसूळ, १८७२ पासनं माहीत होतं पण त्याचं करायचं काय हे कुणाला नीट सुचत नव्हतं. सेमन १९२६ ला अमेरिकेत ॲक्रनच्या बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत लागला, काम होतं रबर धातूला चिकटवायचं काहीतरी शोधायचं. त्या खटपटीत त्यानं पीव्हीसी उच्च उत्कलनबिंदूच्या सॉल्व्हंटमध्ये तापवून विरघळवलं, गार झाल्यावर बघतो तर रबरासारखं लवचिक! चिकटत मात्र कशालाच नव्हतं. तरी त्यानं सोडलं नाही, १९३३ ला पेटंट मिळालं, कोरोसील नावानं माल बाजारात आला, वायरींची कव्हरं, रेनकोट, पडदे सगळं त्यातनं निघालं. पुढं महायुद्धाच्या काळात सिंथेटिक रबरावर काम, शंभरच्या वर पेटंटं, आणि माणूस १९९९ ला गेला तेव्हा शंभरी पार केलेली. एवढं करून आपल्याकडं त्याचं नाव कुणाला माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता हे पाईप घेणाऱ्यानं का वाचायचं तर पीव्हीसीच्या लांब साखळ्या एकमेकींना धरून बसतात म्हणून ते कडक असतं, मधे प्लास्टिसायझर (मऊ करणारं द्रव्य, सेमनच्या सॉल्व्हंटसारखं) शिरला की त्या सरकायला लागतात आणि पाईप वाकतो. पण हा प्लास्टिसायझर साखळीला जोडलेला नसतो, ऊन, उष्णता आणि ईसी औषधांतलं (सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेली, पाण्यात मिसळून फवारायची औषधं) सॉल्व्हंट त्याला हळूहळू बाहेर काढतं, मग पाईप ताठ होतो आणि तडकतो. म्हणून फवारणी झाली की साधं पाणी सोडून पाईप आतनं धुवायचा आणि बंडल सावलीत ठेवायचं, पत्र्यावर टाकायचं नाही. आम्ही हे नेमानं केलं.

किंमत साध्या पाईपपेक्षा बरीच जास्त आहे आणि वजनालाही जड आहे, पाणी भरल्यावर लांब ओळीत ओढायला दोन माणसं लागतात. सोबतचे क्लिप एकदम हलके, पहिल्याच प्रेशरला निसटले, काकांनी कुरकूर न करता बदलून दिले पण तुम्ही चांगले क्लिप वेगळेच घ्या. आणि जायच्या आधी फोन करा, छाटणी जवळ आली की पाच लेयरवाला लगेच संपतोय.