शेळ्यांचा जाळीबंद गोठा : जुन्नरच्या ऊसपट्ट्यातील अनुभव

कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर तालुक्यात ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याला लपण, पाणी व वस्तीवरची कुत्री-शेळ्या असे सारे एकाच ठिकाणी मिळू लागले. त्यामुळे रात्री शेळ्या कुठे बांधायच्या, हा इथल्या शेळीपालकाचा मोठा प्रश्न आहे. आमच्या भागातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून मी लोखंडी अँगल, चेनलिंक जाळी आणि वर पत्रा असा बंदिस्त गोठा करून घेतला. पावसाळा आणि ऊसतोडीचा हंगाम असे दोन्ही पाहून हा अभिप्राय लिहीत आहे.

या गोठ्याची खरी किंमत त्याच्या छतात आहे. भिंत उंच असली की पुरे, असे अजूनही अनेकांना वाटते. पण बिबट्या सहज चढतो, आणि वरून उघड्या गोठ्यात तो एकदा उतरला की कोंडलेल्या शेळ्यांच्या धावपळीत एकीवर थांबत नाही, एका रात्रीत अनेक शेळ्या मारतो. इथे पत्रा अँगलला नटबोल्टने आवळलेला आहे आणि वाऱ्यासाठी सोडलेली वरची पट्टीही जाळीने बंद केलेली आहे. खालचा भाग विटांचा घेतला, हेही योग्यच झाले, कारण शेळ्या जाळीला टेकून बसल्या तर बाहेरून पंजाने ओरबाडल्या जाऊ शकतात. ऊसतोडीच्या दिवसांत एका सकाळी गोठ्याभोवतीच्या ओल्या मातीत ठसे होते आणि जाळीवर छातीच्या उंचीला चिखलाचे ओघळ होते. आत सगळ्या शेळ्या गव्हाणीपाशी दाटीने उभ्या होत्या, एकीलाही ओरखडा नव्हता.

उणिवा दाराच्या आहेत. चौकट आणि जमीन यांच्यात फट राहिली होती, ती सिमेंटचा उंबरा घालून बुजवावी लागली. कडी एकच होती आणि शेळ्या शिंगांनी ती उचलत, म्हणून खाली-वर दोन कड्या मागून घ्याव्यात. जमिनीला उतार नसल्यास पावसाळ्यात मूत्र साचून दर्प येतो. राखणीचे कुत्रेही रात्री आतच बांधावे. बिबट्या त्याच्यासाठीही वस्तीवर येतो.

खर्च शेळीपालकाला जड जातो, तरी बिबट्या पकडायला पिंजरा लावण्याच्या मागणीपेक्षा अशा गोठ्यांची मागणी आपण जोर लावून करायला हवी, असे माझे ठाम मत आहे. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर वन विभागात पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलांत सोडण्याचे प्रमाण वाढले, तेव्हा माणसांवरचे हल्लेही वाढले, असे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2011 सालच्या अभ्यासात नोंदलेले आहे. अर्थात गोठा शेळ्यांना वाचवतो. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाचे आणि अंगणातल्या मुलाचे रक्षण त्याने होत नाही. त्यासाठी दिवसा वीज मिळणे आणि घराला लागून ऊस न लावणे हेच उपाय आहेत.

मेंढपाळांना मात्र हा पक्का गोठा उपयोगाचा नाही. धनगर बांधव रात्री शेतात वाघर, म्हणजे जाळीचे तात्पुरते कुंपण, लावून मेंढ्या कोंडतात, पण वाघरीला छत नसते. त्यांच्यासाठी घड्या घालून घोड्यावर किंवा टेम्पोत नेता येईल असा हलका, वरून झाकलेला वाडा बनवावा, असे मी वेल्डिंगवाल्याला सुचवले आहे आणि त्याने नमुना करून पाहण्याची तयारी दाखवली आहे.