ई-संजीवनीवर मधुमेहाची फेरतपासणी: घरून फोन लावण्यापेक्षा उपकेंद्र बरं

ई-संजीवनी ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे आणि तिला दोन दारं आहेत. पहिलं नोव्हेंबर २०१९मध्ये उघडलं: रुग्ण उपकेंद्रात बसतो आणि तिथले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, व्हिडिओवर डॉक्टरांना जोडून देतात. दुसरं टाळेबंदीत, १३ एप्रिल २०२०ला: घरबसल्या मोबाइलवर ओपीडी. टाइप टू मधुमेहासाठी आमची पसंती पहिल्या दाराला.

घरची ओपीडी वाईट नाही. मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकायचा, रुग्णाची माहिती भरायची, रिपोर्टचे फोटो चढवायचे, टोकन घेऊन थांबायचं. बोलणं झालं की ई-प्रिस्क्रिप्शन मिळतं. शुगर आटोक्यात आहे आणि काही शंका विचारायची आहे, एवढ्यासाठी ती पुरेशी. एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी वाचते.

अडचण औषध वाढवायची वेळ आली की येते. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार, त्याच डॉक्टरांना त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष दाखवलं असेल तरच ती फेरतपासणी धरतात, आणि चालू गोळीला दुसऱ्या गोळीची जोड देण्याची मुभा फेरतपासणीतच आहे. घरच्या ओपीडीत दर वेळी तेच डॉक्टर मिळतील याची खात्री नसते. त्यामुळे पडद्यावरच्या अनोळखी डॉक्टरांनी नवीन गोळी दिली नाही तर ती टाळाटाळ समजू नका.

उपकेंद्रात रक्तदाब, वजन आणि शुगर तिथंच मोजून डॉक्टरांना सांगता येते. सांगायला कोणी जाणतं शेजारी आहे, हाच मोठा फरक.

कुठूनही बोला, एकट्या आकड्यावर डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत. आधीचे तीन दिवस उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर वहीत लिहा. सोबत गोळी कधी घेतली, कधी चुकली तेही. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा, कारण बोटाला गुळाचा किंवा आंब्याचा अंश राहिला तर आकडा खोटाच चढतो. बोटाच्या टोकावर नको, कडेला टोचा आणि दाबून रक्त काढू नका. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या बिघडतात. शंभरच्या वर १५ टक्के इकडे-तिकडे दाखवणारा ग्लुकोमीटरही मानकात बसतो, म्हणजे खरी शुगर २०० असेल तर १७० किंवा २३० दोन्ही चालतात. आज तीस वाढली म्हणून स्वतःच गोळी वाढवणं धोक्याचं.

तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, दाखवताना हिमोग्लोबिनचा रिपोर्टही दाखवा. लोहाच्या कमतरतेने ती खोटी जास्त येऊ शकते, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात खोटी कमी. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे सिकलसेल जास्त आढळतो, तिथल्या रुग्णांनी तो असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगावं. नाहीतर शुगर चढलेली असताना ‘छान आहे’ असा निरोप घेऊन माणूस घरी जाईल.

पाय मात्र व्हिडिओवर तपासता येत नाहीत. तळव्याची जाणीव दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे जाड नायलॉनच्या धाग्याने टेकवून बघावी लागते. रोज एकाच जागी इन्सुलिन टोचल्याने आलेली गाठ बोटांनाच लागते, आणि त्या गाठीत टोचलेलं औषध नीट शोषलं जात नाही. डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिनही वर्षातून एकदा तपासायला हवं. त्यासाठी दवाखान्याची फेरी टाळू नका.

घाम, थरथर आणि शुगर ७०च्या खाली असेल तर टोकन काढत बसू नका. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ला फोन लावा.