गोळीची वेळ विचारणारे सेवा केंद्र

माझे वडील 1994 साली मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गेली सहा वर्षे त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, आहे. त्यांचा हयातीचा दाखला, दिव्यांग ओळखपत्र आणि ‘स्पर्श’ या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीतील कामे आम्ही गंगाखेडच्या बसस्थानकाजवळील एका छोट्या सेवा केंद्रातून करून घेतो. ज्यांच्या घरी असा माजी सैनिक आहे, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे.

सरकारी कामात माणूस तोच आहे हे ज्या खुणांवरून ठरते, नेमक्या त्याच खुणा हा आजार पुसत नेतो. अक्षर बारीक होत जाते. वडिलांची सही सुरू होते ठसठशीत आणि आडनावापर्यंत मोहरीएवढी होते, त्यामुळे एका बँकेने ती जुन्या नमुन्याशी जुळत नाही म्हणून दोनदा परत केली होती. बोट यंत्रावर स्थिर राहत नाही, शिवाय निवृत्तीनंतर तीस वर्षे शेती केल्याने बोटांवरच्या रेषाही झिजल्या आहेत. चेहऱ्यावरून ओळख पटवायची म्हटले तर ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगते, आणि कंपवाताच्या रुग्णाच्या पापण्या मुळात कमी लवतात.

पहिल्या वर्षी हयातीच्या दाखल्याचे चार प्रयत्न वाया गेल्यावर केंद्रचालकाने विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो : “आबा, गोळी किती वाजता घेतली?” त्याच्या आजोबांना हाच आजार होता, असे नंतर कळले. लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाची गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासाने शरीर मोकळे होते आणि तो प्रभाव ओसरला की पुन्हा जखडते, हे त्याला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला साडेदहाला बोलावले, वडिलांना दाराकडे तोंड करून उजेडात बसवले, आणि दुसऱ्याच प्रयत्नात काम झाले. त्याच्या वहीत वडिलांच्या नावापुढे ‘गोळी 9.30’ अशी नोंद आहे, आणि मुदत जवळ आली की तो स्वतःहून फोन करतो.

दिव्यांग ओळखपत्राचा अर्जही त्यानेच भरला. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या अनुसूचीत पार्किन्सन्सचे नाव स्पष्टपणे आहे. तरीही एका रुग्णालयाच्या खिडकीवर “हात थरथरणे म्हणजे अपंगत्व नव्हे” असे ऐकवून आम्हाला परत पाठवण्यात आले होते. केंद्रचालकाने अनुसूचीची प्रत काढून अर्जाला जोडली आणि सहीऐवजी अंगठा घेतला. तपासणीत 55 टक्के अपंगत्व ठरले आणि पिवळ्या पट्ट्याचे कार्ड हाती आले. किमान 40 टक्क्यांवर एसटीच्या भाड्यात मिळणारी सवलत त्यामुळे वडिलांना मिळू लागली.

माझा खरा आक्षेप केंद्राच्या फलकावरील एका ओळीला आहे : ‘माजी सैनिकांना अपंगत्व पेन्शन मिळवून देऊ.’ दिव्यांग कार्डावरची टक्केवारी आणि लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने ठरवलेली टक्केवारी या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. लष्करी पेन्शनच्या अपंगत्व घटकासाठी अपंगत्व किमान 20 टक्के तर हवेच, पण ते लष्करी सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे बळावले, हेही मान्य व्हावे लागते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंह प्रकरणात 2013 साली सांगितले खरे. परंतु जवान ऐन चाळिशीत निवृत्त होतो आणि कंपवात बहुधा साठीनंतर दिसतो, तेव्हा निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीत त्याचा मागमूसही नसतो. अमेरिकेत ‘एजंट ऑरेंज’ या रसायनाच्या संपर्कात आलेल्या माजी सैनिकांना पार्किन्सन्स झाला, तर तो सेवेशी जोडलेलाच आहे असे 2010 पासून गृहीत धरले जाते आणि जवानाला कारण सिद्ध करत बसावे लागत नाही. आपल्याकडे इतक्या उशिरा दिसलेल्या आजाराचा दावा फलकावर लिहिण्याइतका सोपा नाही. मी हे सांगितल्यावर चालकाने मान डोलावली. फलक मात्र जसाच्या तसा आहे. त्या ओळीवर विसंबून परभणीपर्यंत हेलपाटे घालणारे दोन वृद्ध मी तिथेच पाहिले आहेत.

औषधोपचारासाठी ‘ईसीएचएस’ ही माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, 1996 पूर्वी निवृत्त झालेल्यांना तिची वर्गणी माफ आहे आणि कार्डाचा ऑनलाइन अर्जही केंद्रात व्यवस्थित भरून मिळतो. शुल्क वाजवी असून पावती न मागता मिळते.

केंद्राला तीन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. त्याहून अवघड आहे तो उंबरा, कारण कंपवाताच्या माणसाचे पाय दारातच जमिनीला खिळल्यासारखे होतात. मागच्या खेपेस वडील असेच अडकले, तेव्हा मी हळूच “एक-दो-एक” म्हटले आणि त्यांनी कवायतीतल्यासारखा पाय उचलून उंबरा ओलांडला. आता आम्ही दिसलो की आतून चालकच मोजायला लागतो.